पुढच्या सीटवरची पिशवी

सदर इसमाचे नाव गोकुळ तात्यासाहेब काळवणे. वय सेहेचाळीस. मूळ राहणार तालुका गंगापूर, हल्ली मुक्काम गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर. हुद्दा वरिष्ठ सहायक, भांडार शाखा. इसम मध्यम बांध्याचा, रंगाने निमगोरा. व्यसन नाही, चहा हे व्यसन धरल्यास आहे. इसमाच्या ताब्यात एक जुने हॅचबॅक वाहन असून त्याचा रंग मूळचा चंदेरी, सद्यःस्थितीत निश्चित करता येत नाही. वाहनाची आसनक्षमता चालकासह पाच. पैकी चालकाशेजारील आसन गेल्या वर्षापासून भाजीपाल्याच्या पिशवीस तात्पुरत्या स्वरूपात वाटप करण्यात आले आहे. सदर वाटपास कुटुंबातील कोणत्याही सदस्याची लेखी हरकत प्राप्त नाही.

ही भाषा गोकुळरावांना परकी वाटायचं कारण नाही. ते हीच भाषा लिहून पगार घेतात. शहरातल्या एका सरकारी कार्यालयात त्यांच्याकडे निर्लेखनाचं टेबल आहे. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तूला ‘आता पुरे’ म्हणण्याची सरकारी रीत. कार्यालयाच्या मागं बाभळीखाली काही जिपा उभ्या आहेत. एकीच्या बॉनेटमधून झाड वर आलंय, आणि ते आधी तोडायचं की जीप आधी मोडीत काढायची यावर पत्रव्यवहार चालू आहे. त्या प्रत्येक जिपेबद्दल गोकुळरावांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं, ‘दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडण्याजोगी नाही.’ मग ऑफिस सुटलं की ते स्वतःच्या गाडीखाली पाठीवर झोपतात आणि तीच दुरुस्ती करत बसतात.

आता पिशवीबद्दल.

गेल्या वर्षी श्रावणात गोकुळराव आणि त्यांची पत्नी दीपमाला म्हैसमाळला गिरिजादेवीच्या दर्शनाला गेले होते. दीपमाला शाळेत गणित शिकवतात. मोजकं बोलतात आणि बोललेलं परत घेत नाहीत. दर्शन झालं, ओटी भरून झाली, परत निघाले. घाट उतरताना गोकुळरावांनी आपल्या भागातल्या अनेक सज्जन चालकांप्रमाणं गाडी न्यूट्रल केली. उताराला गाडी फुकट पळते, पेट्रोल वाचतं, असा तो हिशेब. गाडी पळत होती आणि ते ब्रेक दाबून धरत होते. तिसऱ्या वळणावर काहीतरी जळाल्याचा वास आला. चौथ्या वळणावर ब्रेकचं पेडल, लोण्यात पाय बुडावा तसं, आवाज न करता खाली गेलं आणि तिथंच राहिलं. पुढं जे झालं त्यात हँडब्रेक होता, गिअरबॉक्सचं किंचाळणं होतं, आणि रस्त्याच्या कडेला देवाच्या कृपेनं म्हणा किंवा बांधकाम खात्याच्या दिरंगाईनं म्हणा, मुरमाचा एक ढीग होता. गाडी त्यावर अर्धी चढली आणि थांबली. कोणाला खरचटलंही नाही.

दीपमाला ओरडल्या नाहीत. रडल्या नाहीत. दार उघडून उतरल्या, पदर नीट केला, आणि मागचं दार उघडून मागं बसल्या.

“पुढं ऊन लागतं,” त्या म्हणाल्या.

तेव्हा दिवेलागणीची वेळ होती.

त्या दिवसापासून दीपमाला गाडीत मागं बसू लागल्या. शाळेत, बाजारात, लग्नाकार्यात, सगळीकडं. गोकुळराव पुढं एकटे, शेजारी भाजीची पिशवी, मागं बायको. लोकांना वाटायचं मॅडमनी गाडी भाड्यानं घेतलीय. एकदा सिग्नलला एका पोलिसानं खरंच विचारलं होतं, “खाजगी नंबरवर प्रवासी चालवता का?” दीपमाला मागून म्हणाल्या, “नाही हो, घरचेच आहेत.” गोकुळरावांना हे वाक्य पुष्कळ दिवस पुरलं.

बायकोनं परत शेजारी बसावं म्हणून मी गाडीचे ब्रेक सुधारतोय, हे वाक्य आपल्याकडच्या नवऱ्याच्या तोंडून निघत नाही. त्याला काहीतरी भारदस्त कारण लागतं. ते राजकुमारनं पुरवलं. राजकुमार त्याच कार्यालयात लेखा शाखेत. शनिवार-रविवार तो हौशी गाडीवाल्यांचा एक क्लब चालवायचा. बिडकीनकडं एका कंपनीचं काँक्रीटचं मोठं पटांगण होतं, कंपनी यायची बाकी होती. तिथं रीतसर परवानगी काढून, शंकू मांडून, एकेक गाडी घड्याळ लावून पळवायची. त्याला हे लोक ट्रॅक म्हणत. दिवाळीनंतर स्पर्धा होती.

“मी येतो,” गोकुळराव म्हणाले.

राजकुमारनं चष्म्यावरून पाहिलं. “गोकुळराव, तुमची गाडी आधी तुमच्याच टेबलावर ठेवा. काय शेरा येतो बघू.”

“गाडी तयार करतो ना. ब्रेक वाढवतो.”

“लोक इंजिन वाढवतात हो!”

“लोकांचं लोकांना.”

घरीही त्यांनी तेच सांगितलं. ट्रॅकसाठी ब्रेक करतोय. दीपमालांनी वह्या तपासता तपासता “बरं” म्हटलं. भामाबाई, म्हणजे गोकुळरावांच्या आई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “शर्यत हाय आन् थांबायचंच सामान घेतो व्हय रं?”

कटकट गेटजवळ फारूखचं गॅरेज आहे. फारूख हा बोलका माणूस. गाडी दुरुस्त व्हायला लागणारा वेळ आणि त्याला बोलायला लागणारा वेळ सारखाच असतो, त्यामुळं कोणाचं काम उशिरा होत नाही. गोकुळरावांनी त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. परातीएवढी डिस्क, तिला पकडून बसलेला लालभडक कॅलिपर.

“हे बसंल का आपल्या गाडीत?”

फारूखनं मोबाइल हात लांब करून पाहिला. “नक्को भाऊ. तुमची गाडी ह्याच्यात बसंल.”

“मजाक करू नका, फारूखभाई.”

“मजाक कुठं? ह्याला चाक मोठं लागतं. चाकाला टायर मोठं. टायर घासतं करके मडगार्ड कापा. मग नवी गाडीच घ्या ना. ब्रेक फुकट मिळतेत तिच्यात.” त्यानं मोबाइल परत दिला. “पहले ये बोलो, घाटात झालं काय?”

गोकुळरावांनी सांगितलं. वास, पेडल, मुरूम.

“गिअर कोणता होता?”

गोकुळरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. “न्यूट्रल.”

“पेट्रोल बचाने कू?”

“हं.”

“किती वाचलं?”

यावर फारूखनं पुढं काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. शेजारच्या पंक्चरवाल्याला मात्र मोठ्यानं सांगितलं, हा त्याचा स्वभाव. एवढं झाल्यावर तो म्हणाला, “पहली सुधारणा फुकट. उताराला दुसरा गिअर टाका. गाडीला इंजिन रोखतं, ब्रेकला आराम. याच्यावर माझी मजुरी नाय.”

पुढचे काही रविवार गोकुळरावांनी तिथं काढले. चाकं उतरली तेव्हा कळलं की गाडीला मोठ्या ब्रेकची गरज नव्हती, आहेत ते ब्रेक चालू असण्याची होती. कॅलिपरच्या ज्या दोन पिनांवर तो मागंपुढं सरकतो, त्या गंजून जाम झालेल्या. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडपैकी एकच सगळं काम करत होता आणि दुसरा हजेरीपुरता होता. गोकुळरावांना ही व्यवस्था ओळखीची वाटली. ब्रेकचं तेल बाटलीत काढलं तर ते हॉटेलात संध्याकाळी उरलेल्या चहासारखं निघालं. हे तेल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यालेलं तेल घाटात उकळतं. उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पाय बुडबुडे दाबत बसतो. नवीन तेल जास्त उष्णता सोसणारं आणलं. रबरी नळ्या फुगत होत्या, त्यांच्या जागी वरून पोलादी जाळी विणलेल्या नळ्या बसवल्या. त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलला पुढं जाड डिस्क येते, तिच्या पोटातून वारा खेळतो. अशी एक मोडीतली गाडी फारूखला माहीत होती. तिच्या डिस्क आणि कॅलिपर जसेच्या तसे बसले.

खरी चर्चा पॅडवर झाली. गोकुळरावांना शर्यतीचे पॅड हवे होते.

“ते थंडे असले ना भाऊ, झोपलेले असतेत,” फारूख म्हणाला. “पहले तापवा, मग उठतेत. तुम्ही सकाळी मॅडमला शाळेत सोडाया निघाले, तर पॅड उठायच्या आधी शाळा निघून जाईल मागं.”

“पण ट्रॅकवर?”

“ट्रॅकवर वर्षातून एक दिवस जाणार. शाळेत रोज. पॅड कोणाचे घ्यायचे, स्पर्धेचे का मॅडमचे?”

गोकुळरावांनी मधल्या दर्जाचे घेतले, थंडीतही धरणारे आणि बऱ्यापैकी ताप सोसणारे. फारूखला काही कळलं होतं की तो नुसता बोलून गेला होता, हे सांगता येत नाही. तो दिवसभरात इतकं बोलतो की त्यातलं काहीतरी वर्मी लागतंच.

डिस्कवर वारा यावा म्हणून गोकुळरावांनी गावाकडून विहिरीच्या मोटरीचा जुना हिरवा सक्शन पाइप आणला आणि बंपरच्या जाळीपासून चाकापर्यंत नेला. टोकाला पत्र्याचं तोंड फारूखनं केलं. शेवटी, कोणी सांगितलं नसताना, त्यानं कॅलिपरला लाल ऑइलपेंटचे दोन हात मारले. “इतना तो शौक करो,” तो म्हणाला. तापल्यावर तो रंग विटकरी झाला, मग तपकिरी, आणि आता तो गाडीच्या एकंदर रंगाशी जुळतो.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची, जोरात ब्रेक दाबायचा, पूर्ण थांबायच्या आत सोडायचा, परत पळवायची. मग गार होऊ द्यायची. बिडकीनजवळच्या एका रुंद, निर्मनुष्य रस्त्यावर गोकुळराव हे करत होते. कडेला एक मेंढपाळ उभा राहिला. बराच वेळ बघून त्यानं हात केला.

“सायेब, काय हारवलं का?”

“नाय हो. ब्रेक बसवतोय.”

“मंग बसला का?”

“बसतोय हळूहळू.”

मेंढपाळानं मान हलवली. “मव्हण्याच्या गाडीला बी असंच व्हायचं. इकली त्यानं.”

पण ब्रेक बसले. पेडल आता वरच, विटेसारखं टणक. गोकुळरावांनी ते हातानं दाबून पाहिलं, पायानं दाबून पाहिलं, आणि घटस्थापनेनंतर एका संध्याकाळी, फार विशेष काही नाही अशा आवाजात, दीपमालांना म्हणाले, “दसऱ्याला कर्णपुऱ्याच्या देवीला जाऊ. पुढं बस की.”

“बघू,” दीपमाला म्हणाल्या. गणिताच्या शिक्षिकेचं ‘बघू’ म्हणजे जवळजवळ उत्तर.

खंडेनवमीच्या संध्याकाळी गोकुळरावांनी गाडी धुतली. पान्यांची, स्क्रू ड्रायव्हरची, भामाबाईंच्या विळ्याची आणि गावाकडून आणलेल्या एका खुरप्याची पूजा झाली. रात्री सगळे झोपले.

ब्रेकची डिस्क बिडाची असते. ओली राहिली तर सकाळपर्यंत तिच्यावर गंजाची तांबूस साय येते. काळजीचं काही नसतं, पहिल्या ब्रेकला ती खरवडून निघून जाते. हे गोकुळरावांना माहीत होतं, फारूखला माहीत होतं. भामाबाईंना कोणी सांगितलेलं नव्हतं.

भामाबाई दसऱ्याला सगळ्यांच्या आधी उठल्या. गाडीला झेंडूची माळ घालायला खाली गेल्या, तर चाकाच्या फटीतून दिसलं की पोरानं एवढे रविवार घालवून बसवलेलं लोखंड एका रात्रीत तांबडं पडलंय. त्यांचं आयुष्य शेतात गेलेलं. नांगराचा फाळ, वखराची पास, विळा, खुरपं, काही असो, लोखंड ठेवायचं तर पुसून तेल लावून ठेवायचं. असं लोखंड पुढच्या हंगामाला चकचकीत निघतं. त्यांनी घरातून वाटीभर करडीचं तेल आणलं. बोटं जातील तिथवर बोटांनी, आणि आतल्या अंगाला काडीला चिंधी गुंडाळून, दोन्ही पुढच्या चाकांच्या डिस्कना त्यांनी मायेनं तेल लावलं. भामाबाईंनी कोणतंच काम कधी वरवर केलेलं नाही. मग हळदकुंकू लावलं, माळ घातली, आणि वर येऊन कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण यात सांगण्यासारखं काय आहे?

दहा वाजता दीपमाला नवी साडी नेसून खाली आल्या. त्यांनी पुढचं दार उघडलं. सीटवरची पिशवी उचलून मागं ठेवली. आणि पुढं बसल्या.

गोकुळरावांनी गाडी रिव्हर्समध्ये गेटबाहेर काढली. गल्ली पुढं चौकापर्यंत हलक्या उताराची. दसऱ्याचा दिवस, चौकात फुलं विकणाऱ्या वच्छलाबाई झेंडूचा ढीग मांडून बसलेल्या. गोकुळरावांनी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला. पेडल टणक होतं. सगळं जसं हवं तसं होतं. फक्त गाडी थांबत नव्हती.

त्यांनी जोर लावला. पुढची चाकं गुळगुळीत फिरत राहिली. मागच्या चाकांचे ड्रमब्रेक आपल्या परीनं झटत होते, पण त्यांना या कामाची सवय नव्हती. आणि गाडीत वास येऊ लागला. या खेपेला जळाल्याचा नव्हे. भजी तळल्याचा.

“बाजूला व्हा! ओ मावशी!”

वच्छलाबाई वयाच्या मानानं चपळ निघाल्या. हँडब्रेक ओढत ओढत, माणूस चालतो त्या गतीनं, गाडी झेंडूच्या ढिगात शिरली आणि मऊपणे थांबली.

“डोळे फुटले का रं तुझे!” वच्छलाबाई कडाडल्या. “फुलं दिसंना व्हय? एवढी पिवळी हायेत!”

“मावशी, ब्रेक लागला नाही…”

“मंग घरी ठिव की गाडी! आन् आतमंदी भजे तळतो का काय?”

गोकुळरावांनी ढीगच्या ढीग विकत घेतला. एवढं होईस्तोवर दीपमाला उतरल्या होत्या. साडीवर एक पाकळी होती, ती त्यांनी झटकली. मागचं दार उघडून पिशवी घेतली, पुढच्या सीटवर ठेवली, आणि रिक्षाला हात केला. कर्णपुऱ्याला त्या दसऱ्याला एकट्याच गेल्या.

गोकुळराव दुसऱ्या गिअरमध्ये, सायकलवाल्यांना पुढं जाऊ देत, गाडी कटकट गेटला घेऊन गेले. फारूखनं चाक काढलं. पॅड काढून नाकाला लावला. परत लावला. मग पंक्चरवाल्याला बोलावलं आणि त्याच्याही नाकाला लावला.

“करडी,” पंक्चरवाला म्हणाला.

“हौ ना, करडीच,” फारूख म्हणाला. “गोकुळभाऊ, कोणी तळण काढलं ह्याच्यात?”

गोकुळराव खाली बसले. त्यांच्या डोळ्यांपुढं सकाळी ओट्यावर पाहिलेली रिकामी वाटी आली, आणि काडीला गुंडाळलेली चिंधी.

“फारूखभाई, मिसेसनं विचारलं तर सांगा, नळीत हवा राह्यली होती.”

“मेरे नाम पे हवा? नक्को भाई! गॅरेज बंद करू का माझं?”

“मग माझ्या नावावर सांगा. मी घरी उघडलं, माझ्या हातून राह्यली.”

“तुम्ही कधी उघडलं?”

“नाही उघडलं. पण सांगा.”

फारूखनं त्यांच्याकडं पाहिलं. एखादा माणूस न केलेली चूक एवढ्या आग्रहानं मागतोय हे त्यानं गॅरेजमध्ये प्रथमच पाहिलं असावं. “अम्मी ने लगाया क्या?” त्यानं हळू विचारलं. पंक्चरवाल्याला ते ऐकू गेलं नाही, म्हणजे खरंच हळू विचारलं.

तेल प्यालेला पॅड धुऊन निघत नाही. तो फेकावाच लागतो. डिस्क घासून पुसून घेतल्या. पॅड नवे, तेच, मधल्या दर्जाचे घेतले. स्पर्धेसाठी चांगले टायर घ्यायचे ठरले होते, ते राहिले. पॅड बसवायला गोकुळराव पुन्हा बिडकीनला गेले. मेंढपाळ तिथंच होता. त्यानं या खेपेला काही विचारलं नाही, नुसती मान हलवली.

घरी दीपमालांनी विचारलं तेव्हा गोकुळराव म्हणाले, “हवा राह्यली होती नळीत. मीच उघडलं होतं रविवारी.”

“फारूखभाईंनी बसवलेलं तुम्ही कशाला उघडलंत?”

“बघावं म्हटलं.”

“बघावं म्हटलं,” दीपमाला म्हणाल्या. एखाद्या मुलानं बरोबर आलेलं गणित खोडून चुकीचं लिहावं, तेव्हा वर्गात त्यांचा हाच आवाज लागत असावा. म्हैसमाळला त्यांचा गाडीवरचा विश्वास गेला होता. आता चालवणाऱ्यावरचा गेला. भामाबाई तिथंच बसल्या होत्या. सुनेनं पोराला बोललेलं त्यांना रुचलं नाही, पण पोरानं यंत्राशी खेळ केला हे त्यांनाही पटलं. “तुला बी लई हौस रे उघडझाप करायची,” त्या म्हणाल्या.

गोकुळरावांनी “व्हय” म्हटलं. नंतर आईला एकटीला गाठून एवढंच सांगितलं की माय, चाकांशी वाकत जाऊ नको. भामाबाईंनी ते कमरेच्या काळजीपोटी असं धरलं आणि त्यांना बरं वाटलं.

स्पर्धेच्या सकाळी भामाबाई म्हणाल्या, त्यांनाही शर्यत बघायचीय. त्या येणार म्हणून दीपमालाही निघाल्या. त्या डबे घेऊन खाली आल्या तर सासूबाई पुढच्या चाकाशी बसलेल्या, हातात तेलाची वाटी. गोकुळराव पलीकडं डिकी आवरत होते.

“आत्याबाई, हे काय करताय?”

“दसऱ्याला लावलं व्हतं तसं लावते थोडं. शर्यतीला चाललाय. लोखंड तांबडं पडलंय पुन्यांदा.” त्यांनी आवाज खाली आणला. “त्याला सांगू नको. वाकू नको म्हणलाय मला.”

डिकीमागून गोकुळरावांचं डोकं वर आलं. दीपमालांनी वाटीकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. गोकुळरावांनी पुन्हा डिकीत डोकं घातलं. त्यांना तिथं काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं असावं.

दीपमालांनी वाटी हळूच काढून घेतली.

“आत्याबाई, ह्या गाडीला तेल वर्ज्य हाय.”

“वर्ज्य? आन् कशापायी?”

“उपास हाय तिचा.”

“गाडीचा?”

“तर. वरून हळदकुंकू लावा, बास. खालचं ह्यांना बघू द्या.”

भामाबाईंनी विचार केला. गाडीनं उपास करावा यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. घाटात जे झालं त्यानंतर कोणीतरी करायलाच हवा होता. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. दीपमाला वाटी वर ठेवून आल्या आणि मागं बसल्या.

बिडकीनच्या पटांगणावर राजकुमार शिट्टी आणि घड्याळ घेऊन मालकासारखा फिरत होता. शंकूंमधून नागमोडी जायचं, दोन वळणं घ्यायची, शेवटी चुन्यानं आखलेला एक चौकोन. गाडी त्या चौकोनात पूर्ण उभी राहिली पाहिजे. पुढं गेली तर दंड. बायकामाणसं दोरीमागं खुर्च्यांवर. पोरांच्या गाड्या बंदुकीसारखे आवाज करत सुटत आणि चौकोन ओलांडून बऱ्याच पुढं जाऊन थांबत.

“ह्यो का निघून गेला?” भामाबाई विचारत. “थांबायचं व्हतं ना?”

“हो.”

“गेला त्यो.” त्यांनी एकेकाला मनातल्या मनात बाद केलं.

गोकुळराव निघाले तेव्हा राजकुमार ओरडला, “भांडार शाखा! पाइप कुठला हो तो हिरवा? पाणी मारायला चाललात का?” शंकूंमध्ये ते सावकाश होते, वळणांवर जुने टायर चिरकत होते. पण चौकोन आला, गाडीनं नाक खाली घातलं, आणि ती चुन्याच्या आत, कागदावर शिक्का बसावा तशी बसली. दुसऱ्या फेरीतही बसली. तिसऱ्या फेरीपर्यंत डिस्क चांगल्या तापलेल्या, चाकांतून धुराचा वास येत होता, आणि दीपमाला खुर्चीवरून उठून दोरीशी आल्या होत्या. तिथून त्यांना पेडल दिसत नव्हतं. त्या चाकाकडं पाहत होत्या. गाडी चौकोनात थांबली. तेवढ्यात भामाबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्यांना सांगितलं की झालं, जिंकला.

राजकुमारनं निकाल वाचला. वेळेच्या हिशेबात गोकुळ काळवणे शेवटून तिसरे.

“ज्याला शिट्टी दिली, त्यालाच दिसत नाय,” भामाबाई म्हणाल्या.

परतताना दीपमाला मागून म्हणाल्या, “रविवारी म्हैसमाळला जाऊ. देवीला एक सांगायचंय.”

“काय?”

“ते देवीला सांगीन ना.”

रविवारी दोघंच गेले. वर जाताना पिशवी पुढं, दीपमाला मागं. दर्शन झालं. देवळाबाहेर सीताफळंवाली बसली होती, तिच्याकडून दीपमालांनी पिशवी भरून सीताफळं घेतली. पिकलेली वर, कच्ची खाली. सूर्य डोंगराआड जात होता. गोकुळराव गाडीत बसून वाट पाहत होते. पुढचं दार उघडलं. त्यांना वाटलं, पिशवी आली. पिशवी मागच्या सीटवर गेली. पुढं दीपमाला बसल्या.

गोकुळरावांनी त्यांच्याकडं पाहिलं.

“मागं ऊन लागतं,” त्या म्हणाल्या.

पहिल्या वळणाच्या आधी त्यांनी विचारलं, “गिअर कोणता?”

“दुसरा.”

“बरं.”

चौथं वळण आलं आणि गेलं. मुरमाचा ढीग अजून तिथंच होता. त्यावर आता गवत उगवलंय.

सबब, सदर वाहनातील चालकाशेजारील आसनाचे पूर्वीचे वाटप रद्द करण्याबाबत सक्षम प्राधिकाऱ्याचा कोणताही आदेश अद्याप निर्गमित झालेला नाही. दौलताबादचा घाट उतरताना दीपमाला झोपल्या होत्या.